वाचकांचे प्रश्न : न फवारलेल्या कलमांचा उपयोग काय?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे कृषी विषयात पदव्युत्तर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची किंवा ज्यांच्या बागेत आणि खाचरात हे विद्यार्थी प्रयोग मांडतात त्या शेतकऱ्यांची आहेत. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. विद्यापीठाची संशोधन केंद्रे वेंगुर्ले, भाट्ये, कर्जत अशी किनाऱ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत असली, तरी आंब्यावरच्या किडींचा खरा स्वभाव खाजगी बागांतच कळतो, आणि म्हणून विद्यार्थी व बागायतदार यांची गाठ पडतेच. त्यातून निघालेले पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्या दोन उत्तरांनी बरीच जागा घेतली आहे. विषयच तसा आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी. (कृषी) पूर्ण करून कृषी कीटकशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे. आमच्या घरच्या हापूसच्या बागेत गेले काही हंगाम फवारण्या वाढवूनही फुलकिडे आटोक्यात येत नाहीत, म्हणून मला त्यांच्यावरच काम करायचे आहे. मार्गदर्शकांनी ‘नव्या कीटकनाशकांची फुलकिड्यांविरुद्ध परिणामकारकता’ हा विषय सुचवला आहे. परंतु असे प्रबंध ग्रंथालयात ओळीने लागलेले आहेत. त्यात माझी एक भर घालून काय साधणार?
— एक विद्यार्थिनी, लांजा

उत्तर : मार्गदर्शकांनी सुचवलेला विषय टाकाऊ आहे असे समजू नका. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली औषधाची नोंदणी ठरावीक पिकावरील ठरावीक किडीसाठी होते, आणि त्या नोंदणीसाठी अशाच प्रयोगांतली आकडेवारी लागते. बाटलीच्या लेबलवर ‘आंबा’ आणि ‘फुलकिडे’ हे दोन शब्द छापले जातात, त्याआधी कोणीतरी कोणाच्या तरी बागेत मोहोर झटकून किडे मोजलेले असतात. तरीही तुमची शंका रास्त आहे. अशा प्रबंधाचा निष्कर्ष बहुधा ‘अमुक औषध सर्वांत प्रभावी, त्याखालोखाल तमुक’ एवढाच निघतो आणि त्या हंगामापुरता तो खराही असतो. पण तुमच्या घरच्यांना कोणते औषध चांगले हे विचारायचे नसून, काल चालणारे औषध आज का चालत नाही, हे विचारायचे आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्या प्रकारच्या प्रयोगातून मिळत नाही.

औषध चालत नाही याची निदान तीन कारणे संभवतात. किडीत प्रतिकारक्षमता आली असेल. औषध किडीपर्यंत पोहोचतच नसेल. किंवा मेलेल्या किडीची जागा बाहेरून आलेली कीड चार-आठ दिवसांत भरून काढत असेल. बागेत उभे राहून पाहिले तर तिन्हींचे दृश्य सारखेच असते, म्हणजे फवारणी झाली तरी मोहोर झटकल्यावर कागदावर किडे पडतात. या तिन्हींना एकमेकांपासून वेगळे काढणे हाच उत्तम विषय आहे, आणि दोन वर्षांत त्यातले एक अंग पुरे होऊ शकते.

प्रतिकारक्षमतेचे अंग घ्यायचे असेल तर कोकणात एक सोय आहे, जी अन्यत्र सहसा मिळत नाही. हापूसची कलमे भरपूर फवारली जातात आणि त्याच तालुक्यात, गावठाणात, देवराईच्या कडेला, रस्त्यालगत उभी असलेली रायवळ आंब्याची झाडे मात्र वर्षानुवर्षे कोणी फवारत नाही. दोन्हींवरून फुलकिडे गोळा करून प्रयोगशाळेत कोवळी पाने औषधाच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत बुडवून त्यांवर सोडले, तर निम्मे किडे मारायला किती तीव्रता लागते ते दोन्ही ठिकाणांसाठी काढता येते, आणि त्या दोन आकड्यांचे गुणोत्तर हेच प्रतिकारक्षमतेचे माप असते. अडचण एवढीच, की हा किडा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा असून वाऱ्याबरोबर दूर जातो. म्हणून रायवळची झाडे बागेला लागून असलेली निवडू नका, नाहीतर तुम्ही एकाच वस्तीची तुलना तिच्या स्वतःशीच कराल.

या संदर्भात घरच्या फवारण्यांची वही मागून घ्या आणि प्रत्येक औषधासमोर त्याचा रासायनिक गट लिहा. इमिडाक्लोप्रिडनंतर थायामेथोक्झाम फवारले की औषध बदलले असे पुष्कळ बागायतदार मानतात. प्रत्यक्षात ही दोन्ही निओनिकोटिनॉइड गटातली असून किडीच्या मज्जासंस्थेत एकाच जागी काम करतात. डेल्टामेथ्रिन आणि लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांचेही तेच, दोन्ही पायरेथ्रॉइड. स्पिनोसॅडची क्रिया या दोन्ही गटांपेक्षा निराळी आहे. सहा फवारण्यांच्या वेळापत्रकात नावे सहा असली तरी गट किती आहेत, हे वीस-पंचवीस बागायतदारांच्या वह्यांवरून काढून दाखवले तरी प्रबंधातले एक प्रकरण उभे राहील, आणि माझ्या मते ते सर्वांत जास्त वाचले जाईल.

औषध पोहोचत नाही हे अंग आजवर कमी हाताळले गेले आहे. फुलकिड्याची मादी अंडी कोवळ्या पेशींच्या आत घालते, त्यामुळे अंड्याला वरून फवारलेले औषध फारसे लागत नाही. अळीच्या दोन अवस्था पालवीवर, मोहोरावर आणि कोवळ्या फळाच्या सालीवर खरवडून रस शोषतात, आणि फळावर दिसणारे करड्या रंगाचे खरखरीत चट्टे हे त्यांचेच काम. त्यानंतरच्या कोषावस्था मात्र झाडाखालच्या पाचोळ्यात, मातीच्या वरच्या थरात किंवा गुंडाळलेल्या पानांच्या आडोशाला जातात. त्या काळात कीड खात नाही, फिरत नाही आणि फवाऱ्याच्या वाटेतही येत नाही. अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास उबदार हवेत साधारण दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो. म्हणजे ज्या दिवशी फवारणी झाली त्या दिवशी वस्तीचा मोठा भाग औषधापासून सुरक्षित जागी असतो. कातळावरच्या बागेत, जिथे मातीच कमी आहे, आणि खोल मातीच्या, पाचोळा न काढलेल्या बागेत जमिनीतून वर येणाऱ्या प्रौढांची संख्या सारखी असते का? जमिनीवर पालथे डबे ठेवून, वरच्या बाजूला चिकट पारदर्शक झाकण बसवून ही मोजणी अगदी कमी खर्चात करता येते.

तिसऱ्या अंगासाठी बागेबाहेर पाहावे लागेल. हाच फुलकिडा मिरचीवरची मोठी कीड आहे, काजूवर आणि गुलाबावरही तो राहतो, आणि भात कापल्यानंतर त्याच वाडीत मिरची लावलेली असते. पावसाळ्यानंतर येणारी पालवी, पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखून मोहोर आणणारे रसायन दिलेल्या कलमांचा लवकर येणारा मोहोर, त्यानंतरचा मुख्य मोहोर आणि थंडी लांबली की येणारा पुनर्मोहोर अशी कोवळ्या खाद्याची साखळी अनेक बागांत आता ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तुटतच नाही. ही साखळी कोणत्या दुव्यावर तोडता येईल, हा प्रश्न विचारायला कीटकशास्त्राबरोबर उद्यानविद्येचाही मार्गदर्शक समितीत असावा लागेल. तो मागून घ्या.

आता वेळेचा हिशेब. सध्याच्या पदव्युत्तर आराखड्यात एम.एस्सी.च्या ७० श्रेयांकांपैकी ३० संशोधनाचे आहेत, पण ते संशोधन ज्या मोहोरावर करायचे तो वर्षातून एकदाच येतो. प्रवेशप्रक्रिया, पहिल्या सत्राचे विषय, सल्लागार समिती आणि आराखड्याला मान्यता यांत पहिला मोहोर निसटण्याची भीती असते, आणि हापूस एका वर्षी भरभरून मोहोरून दुसऱ्या वर्षी पाठ फिरवणारा आहे. म्हणून निव्वळ मोहोरावर अवलंबून असलेला विषय घेऊ नका. पालवीवर, मिरचीवर किंवा प्रयोगशाळेत वर्षभर चालेल असा एक भाग त्यात असलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट पहिल्याच महिन्यात करा. मोहोरातून पडणारे सगळे फुलकिडे एकाच जातीचे नसतात. काही जाती फुलातील परागांवर जगणाऱ्या असून त्यांचे नुकसान वेगळे आणि पुष्कळदा नगण्य असते. काचपट्टीवर नमुने बसवून जात ओळखायला शिका आणि मगच मोजायला बसा. जात न ओळखता मोजलेले दोन हंगामांचे आकडे परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळतात.

प्रश्न : माझ्या बागेतील एकवीस कलमे प्रयोगासाठी द्यावीत अशी विनंती संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याने केली आहे. द्यायला हरकत नाही. मात्र त्यातील तीन कलमांवर कोणतेही औषध मारायचे नाही, नुसते पाणी मारायचे, असे तो म्हणतो. ती तीन कलमे आमच्या मर्जीने नव्हे, तर चिठ्ठ्या टाकून ठरवणार. ऐन मोहोरात कलमे उघडी टाकण्याचे कारण काय, त्यावरून कीड सगळ्या बागेत पसरणार नाही का, आणि नुकसान कोणी सोसायचे?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : तुमच्या तिन्ही शंका व्यवहाराच्या आहेत आणि विद्यार्थ्याने त्यांची उत्तरे आधीच द्यायला हवी होती.

न फवारलेली कलमे कशाला, याचे उत्तर एका काल्पनिक हिशेबाने देतो. समजा फवारणीच्या आदल्या दिवशी दर मोहोरामागे २० तुडतुडे होते आणि सात दिवसांनी ५ राहिले. सहज बोलताना आपण म्हणू, की औषधाने ७५ टक्के काम केले. आता शेजारच्या, नुसते पाणी मारलेल्या कलमावर याच सात दिवसांत २० चे १० झाले असतील तर? मोहोर जून झाला, रात्री गारवा पडला, भक्षक कीटक आले, कारण काहीही असो, निम्मी कीड आपोआप गेली. औषध नसते तरी तुमच्या फवारलेल्या कलमावर १० उरलेच असते. औषधाने त्या १० चे ५ केले. म्हणजे औषधाचे खरे काम ५० टक्के. हेंडरसन आणि टिल्टन यांनी १९५५ मध्ये मांडलेले सूत्र हेच गणित करते. त्याआधी १९२५ मध्ये ॲबट यांनी दिलेले सूत्र प्रयोगशाळेत अजून वापरले जाते: औषध न दिलेल्या किड्यांपैकी १० टक्के आपोआप मेले आणि औषध दिलेल्यांपैकी ८२ टक्के मेले, तर ८२ मधून १० वजा करून उरलेल्या ७२ ला ९० ने भागायचे, म्हणजे ८० टक्के. ती तीन कलमे नसतील तर उरलेल्या अठरा कलमांवरच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही. बाजारात एखादे औषध ‘आमच्याकडे शंभर टक्के लागू पडले’ असे कोणी सांगितले, तर न फवारलेले झाड कोणते होते, एवढेच विचारावे.

एकवीस हा आकडाही उगाच आलेला नाही. सात उपचार असतील, म्हणजे सहा औषधे आणि एक पाणी, आणि प्रत्येकाच्या तीन पुनरावृत्त्या असतील, तर एकवीस कलमे होतात. सातातून एक वजा करून सहा, तिनातून एक वजा करून दोन, आणि त्यांचा गुणाकार बारा. प्रयोगातली चूक मोजण्यासाठी हा आकडा बारापेक्षा कमी नसावा असा संकेत आहे. विद्यार्थ्याला कलमे कमी करायला सांगाल तर प्रयोग निकामी होईल. त्यापेक्षा नाही म्हणणे बरे.

चिठ्ठ्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात. बागायतदार स्वाभाविकपणे म्हणतो, ‘ती कोपऱ्यातली तीन मरतुकडी कलमे घ्या, त्यांना पाणी मारा.’ विद्यार्थीही संकोचाने मान डोलावतो. मरतुकड्या कलमावर मोहोर कमी, पालवी कमी, म्हणून कीडही वेगळ्या प्रमाणात असते. मग फरक औषधामुळे पडला की कलमामुळे, हे कोणालाही सांगता येत नाही. उपाय असा, की समुद्राकडच्या उतारावरची सारख्या वयाची सात कलमे हा एक गट, मधल्या सपाटीवरची सात हा दुसरा आणि गडग्यालगतची सात हा तिसरा, असे गट करावेत आणि प्रत्येक गटात स्वतंत्र चिठ्ठ्या टाकाव्यात. प्रत्येक गटात एक कलम पाण्याचे निघेल. ते तुमचे सर्वांत लाडके कलम निघाले तरी बदलू नये. ही यादृच्छिक निवडीची पद्धत १९१९ नंतर इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी शेतीप्रयोगांसाठी घडवली आणि पुढे सगळ्या विज्ञानांनी ती उचलली. शेताच्या बांधावरून जगाला मिळालेली ही मोठी देणगी आहे, आणि तिची थोरवी आपल्याकडे शेतीबाहेरच्या लोकांना फारशी ठाऊक नाही.

कीड पसरण्याची भीती निराधार नाही, पण ती मर्यादित आहे. तुडतुडे आणि फुलकिडे दोन्ही उडतात. मात्र आजूबाजूची कलमे फवारलेली असतील आणि प्रयोगाच्या कलमांमध्ये एकेक मोकळे कलम सोडले असेल, तर तीन कलमांवरून बागभर उपद्रव होईल इतकी संख्या सहसा बाहेर पडत नाही. भुरीच्या बाबतीत मात्र मी सावध राहीन. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर सहज जातात, म्हणून कीडनाशकाचा प्रयोग असला तरी भुरीसाठी लागणारे बुरशीनाशक एकवीसही कलमांवर सारखेच मारू द्या, अशी अट घाला. त्याने प्रयोग बिघडत नाही.

नुकसानीबाबत तोंडी बोलणे नको. प्रयोग कोणत्या प्रकल्पाखाली आहे, पाण्याच्या कलमांच्या उत्पन्नातील घट कोण व कशी भरून देणार, फळे कोणाची, मोजणीसाठी किती मोहोर तोडले जाणार, हे मार्गदर्शकांच्या सहीने लिहून घ्या. आणखी एक अट आवर्जून घाला, कारण ती विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही: प्रयोगातले एखादे औषध आंब्यासाठी नोंदणीकृत नसेल, तर त्या कलमांची फळे विक्रीच्या पेट्यांत मिसळता कामा नयेत. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा असते, आणि एका कलमाची फळे अख्ख्या मालाला अडचणीत आणू शकतात. सगळ्यात शेवटी, प्रयोग संपल्यावर तुमच्या बागेतले आकडे तुमच्या हाती द्यावेत असेही लिहून घ्या. आपल्या कलमांवर कोणत्या आठवड्यात किती कीड होती याची नोंद फार थोड्या बागायतदारांकडे असते.

प्रश्न : भातावरील खोडकिड्यावर माझा प्रबंध आहे. तूस व पेंढ्यातून मिळणारी सिलिका आणि खताच्या ब्रिकेट्स यांचा खोडकिड्यावर होणारा परिणाम असा विषय आहे. पहिल्या खरिपात नियंत्रण (उपचार न दिलेल्या) वाफ्यातही गाभेमर, म्हणजे मधला पोंगा वाळून मेलेले फुटवे, दोन-तीन टक्क्यांपुढे गेला नाही आणि सगळे निकाल ‘एनएस’, म्हणजे लक्षणीय फरक नसलेले, आले. ‘दोन-चार आकडे सारखे करून घे,’ असे काही मित्र सांगतात. विषय बदलावा का?
— एक विद्यार्थी, माणगाव

उत्तर : आकडे सारखे करणे ही फसवणूक आहे, त्यावर अधिक लिहीत नाही.

विषय बदलण्याची गरज नाही. खोडकिड्यासाठी गाभेमराची आर्थिक नुकसान पातळी, म्हणजे जिच्यापुढे उपाय करणे परवडते ती, साधारण ५ टक्के धरली जाते. तुमच्या नियंत्रण वाफ्यातच ती गाठली गेली नाही, तर त्या हंगामात प्रयोगाला कीडच मिळाली नाही, असे प्रामाणिकपणे म्हणता येईल. सिलिकेचा उपयोग नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन विधाने परीक्षकासमोर गोंधळून बोलू नका.

आकडेमोड एकदा तपासा. टक्केवारीचे सगळे आकडे शून्य ते तीसच्या दरम्यान असतील तर वर्गमूळ रूपांतर योग्य ठरते. कोनीय रूपांतर डोळे मिटून वापरण्याची सवय अनेक प्रबंधांत दिसते. शून्ये असतील तर वर्गमूळ काढण्याआधी ०.५ मिळवा. शिवाय फुटवे येण्याच्या काळातला गाभेमर भात पुष्कळदा नवे फुटवे काढून भरून काढते, म्हणून केवळ गाभेमरावर थांबू नका. पळींज, म्हणजे पोटरीनंतर खोड पोखरल्यामुळे निघणारी पांढरी पोचट लोंबी, भरून निघत नाही. कापणीच्या आधीची ती मोजणी आणि दाण्याचे उत्पन्न हेच निर्णायक आकडे आहेत.

दुसऱ्या हंगामासाठी दोन वाटा आहेत. पाण्याची सोय असेल तर वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातात, प्रयोग पुन्हा मांडा, किंवा खरिपातच लावणीच्या दोन तारखा ठेवा, म्हणजे निदान एका तारखेला पतंगांची झुंबड सापडण्याची शक्यता वाढेल. पिवळा खोडकिडा भातावाचून अन्य पिकावर जगत नाही आणि धसकटांत दिवस काढतो. त्यामुळे जवळपास वायंगण होते का आणि धसकटे नांगरून टाकली होती का, हे कीड कमी असण्याचे कारण म्हणून नोंदवता येईल. प्रकाश सापळ्याच्या रोजच्या नोंदी सोबत जोडा. कृषिशास्त्रज्ञ नारायण सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत तुमच्या विषयातली पेंढ्याची सिलिका आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट्स दोन्ही आहेत, आणि तिचा प्रसार मुख्यतः उत्पन्नाच्या अंगाने झाला. किडीच्या अंगाने तिच्याकडे पाहणारा प्रबंध दुसऱ्या हंगामाची वाट पाहण्याच्या योग्यतेचा आहे.

प्रश्न : हापूसमधल्या साक्यावर, म्हणजे गरात राहणाऱ्या पांढरट, आंबट भागावर, इतकी वर्षे संशोधन चालू आहे, तरी आंबा कापल्याशिवाय साका कळत नाही. मग या संशोधनाचा उपयोग काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : उपयोग झालेला आहे, फक्त तो हापूसच्या नावाने झालेला नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये दिली, आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून अतिशय पातळ कोयीची ‘सिंधू’ १९९२ मध्ये दिली. रत्नामध्ये साका नाही. लागवडदारांनी तरीही हापूसच धरून ठेवला, कारण ग्राहक पेटीवरचे नाव पाहून पैसे देतो. त्याबद्दल संशोधकांना दोष देता येणार नाही.

कारणाविषयीही बरेच कळले आहे. एक धागा जमिनीकडून येणाऱ्या उष्णतेचा आहे, आणि म्हणून झाडाखाली गवताचे आच्छादन करण्याचा सल्ला दिला जातो. दुसरा धागा बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील कामातून पुढे आला: फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजण्याच्या तयारीला लागते आणि गरातले पाणी व अन्नांश ओढते, त्यामुळे कोयीभोवतीचा गर पांढरट, सच्छिद्र आणि आंबट राहतो. हे लक्षात घेतले तर फळ झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आण्यांवर, म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या थोडे आधी, काढण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे हे दिसते. भर उन्हात काढणी करू नये आणि काढलेली फळे तापलेल्या कातळावर मांडून ठेवू नयेत. न कापता साका ओळखण्यासाठी क्ष-किरण आणि अवरक्त किरणांवर काम चालू आहे. वनस्पतिशास्त्रापेक्षा भौतिकशास्त्राच्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने त्यात पडावे, असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या माडांच्या झावळांच्या खालच्या बाजूला पांढरा मेणचट थर आणि वरच्या बाजूला काजळी धरली आहे. खालच्या केळी, सुपारीही काळ्या पडल्या. शेजारी औषध मारा म्हणतात. माझा भाचा कृषी पदवीनंतर पुढे शिकतो आहे, तो म्हणतो, काहीच मारू नकोस, मला आधी झापाच्या पात्या नेऊ दे. तो स्वतःच्या अभ्यासासाठी माझे माड वापरतो आहे की खरे सांगतो आहे?
— एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर : दोन्ही. आणि दोन्हींत तुमचा फायदा आहे.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही रुगोज चक्राकार पांढरी माशी असावी. ती मूळची मध्य अमेरिकेकडची असून भारतात २०१६ मध्ये प्रथम तमिळनाडूतील पोल्लाची भागात नोंदली गेली आणि नंतर पश्चिम किनाऱ्याने वर सरकली. मादी पातीच्या खालच्या बाजूला चक्राकार अंडी घालते. पिल्ले रस शोषून गोड चिकटा टाकतात आणि त्या चिकट्यावर खालच्या पानांवर काळी बुरशी वाढते. दृश्य भयंकर असले तरी या माशीने माड मरत नाही. तिच्यावर एन्कार्सिया ग्वाडेलुपी नावाची एक अतिसूक्ष्म गांधीलवर्गीय परोपजीवी माशी आपणहून येते आणि पिल्लांच्या अंगात अंडी घालते. रासायनिक कीटकनाशक मारले तर आधी ही मदतनीस मरते, आणि पांढरी माशी मेणाच्या थराखाली बऱ्याच अंशी वाचते. काही महिन्यांनी उपद्रव आधीपेक्षा वाढलेला दिसतो तो यामुळे.

भाच्याला पात्या कशासाठी हव्यात तेही सांगतो. भिंगाखाली पाहिले तर रिकाम्या कोषावर दोन प्रकारची छिद्रे दिसतात. इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असेल तर तिथून पांढरी माशी बाहेर पडली. नीट गोल छिद्र असेल तर परोपजीवी. शंभर कोषांत गोल छिद्रे किती, हा आकडा दर महिन्याला काढला की परोपजीवींचे प्रमाण वाढते आहे की घटते, हे कळते, आणि फवारावे की थांबावे याचा निर्णय त्यावरून होतो. त्याला हेही विचारा, की पात्यांवर घरट्यासारखे मेण रचणारी बोंडार माशी तर मिसळलेली नाही ना. तिच्यावर ही परोपजीवी उपयोगी पडत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र मोजल्या तर आकडा फसवेल.

तोवर खालच्या झावळांवर आणि केळीवर पाण्याचा जोराचा फवारा मारावा. काजळी सोलवटून जाण्यासाठी एक टक्का स्टार्चचे द्रावण, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम, फवारतात. ते वाळले की काजळीचे पापुद्रे गळून पडतात. उपद्रव फारच वाढला तर ०.५ टक्के कडुनिंबाच्या तेलापर्यंत जावे, त्यापुढे नाही. छाटलेल्या झावळा जाळण्याची घाई करू नका: गोल छिद्रे भरपूर असलेल्या पात्या बाजूला काढून, जिथे परोपजीवी कमी आहेत अशा माडांना बांधाव्यात. कोणत्या माडाला कोणत्या तारखेला बांधल्या, हे भाच्याला वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि एक-दोन माडांना काहीच न बांधता तसेच सोडू द्या.